पावसाचा हिशेब, पिकाचा ठराव

एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी पडतं. म्हणजे एक टँकर. उन्हाळ्यात ज्याच्या मागे हंडे-कळश्या घेऊन अख्खी वस्ती धावते, तोच. ही आकडेमोड पाचवीतल्या पोराला जमेल. तरीही दुष्काळी म्हणवणाऱ्या गावात बसून ती केली, की लोक पुन्हा एकदा बेरीज करून बघतात. आपल्याच रानात एवढं पाणी पडतं, यावर पटकन विश्वास बसत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण घेऊ. गावाचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. पर्जन्यछायेतला प्रदेश, पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे बेताच्या वर्षीही गावाच्या शिवारात जवळपास ३९० कोटी लिटर पाणी उतरतं. टँकरच्या भाषेत ३ लाख ९० हजार टँकर. आता खर्चाची बाजू. तेराशे माणसं धरली आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर वर्षाला २ कोटी ६० लाख लिटर लागतात. पडलेल्या पावसाचा एक टक्काही नाही. मग अशा गावांत टँकर येतो कशाला?

येतो, कारण पडलेलं सगळं पाणी हाती लागत नाही. बरंचसं उडून जातं, काही ओढ्यानं वाहून जातं, काही मातीत राहून पिकाला मिळतं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, विहिरींपर्यंत मुरणारा वाटा ढोबळमानानं दहा टक्के धरा. म्हणजे ३९ कोटी लिटर. त्यातून माणसांचं आणि गुरांचं पाणी बाजूला काढलं, तर शेतीला ३५-३६ कोटी लिटर उरतं. मोकळ्या पाटपाण्यावरचा ऊस हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी पितो. तेव्हा अठरा हेक्टर उसात, गावाच्या दोन टक्के जमिनीत, हिशेब संपला. तेच पाणी रब्बी ज्वारीला दोन पाळ्यांनी दिलं, तर अडीचशे हेक्टर भिजतात.

हा माझा कागदावरचा हिशेब आहे. जमिनीचा उतार, मातीची खोली, बंधाऱ्यांची संख्या यांनी त्यात बरीच उलटापालट होईल. पण आकडे दीडपट-दुपटीनं इकडेतिकडे झाले तरी मुद्दा तोच राहतो. गावातलं भांडण पिण्याच्या पाण्यावरून होतं, पण त्या पाण्याचं काय होणार हे पिकावर ठरतं. आणि कोणतं पीक घ्यायचं हे ज्यानं त्यानं आपापल्या बांधावर ठरवायचं, अशी आपल्याकडची रीत आहे. माझी विहीर, माझी मोटर, माझा ऊस.

ही रीत हिवरे बाजारनं मोडली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हाचं गाव म्हणजे दारू, भांडणं आणि रोजगारासाठी बाहेर पडणारी माणसं. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली गेली. डोंगरावर सलग समतल चर खोदले गेले, खाली बंधारे आणि पाझर तलाव झाले. इथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. शाळेच्या सहली तिथे जातात, पवारांना पद्मश्री मिळाली, भाषणांत दाखले दिले जातात. पण चर आणि बंधारे महाराष्ट्रात हजारो गावांत झाले. पाणी वर आलं, आणि वर आलेलं पाणी दोन-तीन वर्षांत नव्या बोअरांनी उपसूनही नेलं. हिवरे बाजारचं वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असं ग्रामसभेनं ठरवलं. आणि या शतकाच्या सुरुवातीपासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीनं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली.

गावात पर्जन्यमापकं बसवली आहेत, काही विहिरी निरीक्षणासाठी ठरवलेल्या आहेत. पावसाळा संपला की किती पडलं, किती मुरलं, विहिरीत किती आलं याची बेरीज होते. आधी माणसं, मग गुरं, मग उरलेल्यात रब्बीचं कोणतं पीक किती, हे ग्रामसभा ठरवते. पाऊस चांगला, तर मुभा जास्त. पाऊस कमी, तर पाणी पिणारी पिकं मागे घ्यायची. आकडा सगळ्यांसमोर फळ्यावर असतो, त्यामुळे सरपंचाशी वाद घालण्यात अर्थ उरत नाही. वाद घालायचा तर पर्जन्यमापकाशी घालावा लागेल.

१९९५ मध्ये गावातली १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, २०१० मध्ये तीन उरली. दिवसाचं दूध दीडशे लिटरवरून चार हजारांच्या घरात गेलं. हे आकडे वारंवार छापून आले आहेत आणि प्रभावी आहेतच. मला मात्र त्यांच्यापेक्षा तो पावसाचा साधा आकडा मोलाचा वाटतो. गरिबी किती हटली हे पंधरा वर्षांनी कळतं. पाऊस किती पडला हे ऑक्टोबरात कळतं, जेव्हा ज्वारी पेरायची की गहू हा निर्णय अजून हातात असतो.

प्रादेशिक विकासाच्या चर्चेत ज्यांना निर्देशक म्हणतात, त्यांची परीक्षा इथे होते. १९९२ च्या रिओ परिषदेपासून जगभर शाश्वत विकासाच्या निर्देशकांच्या याद्या निघाल्या. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात नागरिकांनी स्वतः बसून १९९३ मध्ये आपली यादी प्रसिद्ध केली, आणि तीत ओढ्यांमध्ये अंडी घालायला परत येणाऱ्या सामन माशांची संख्या घातली. निवड चतुर होती. ओढ्याचं पाणी गढूळलं, काठची झाडं गेली, धरणं वाढली, की मासा येत नाही. एका आकड्यात दहा गोष्टींचा ठाव लागतो, आणि तिथल्या माणसाला तो आकडा समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे याच ताकदीचे आकडे आहेत. गावची विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते, फेब्रुवारीत कडब्याचा भाव काय चालतो, जनावरांच्या बाजारात दुभती गाय विकायला आली का. दरडोई उत्पन्नाचा जिल्ह्याचा आकडा यांच्यासमोर फिका पडतो. एक तर अनेक क्षेत्रांसाठी तो राज्याच्या अंदाजातून वाटणी करून काढलेला असतो. दुसरं म्हणजे रायगडसारख्या जिल्ह्यात कारखाने आणि बंदर त्याला इतकं वर नेतात, की कर्जतच्या डोंगरातल्या कातकरी वाड्या त्यात दिसतही नाहीत.

मात्र गावचं आहे म्हणून सगळंच मोजमाप होत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत अक्षय्य तृतीयेनंतर वर्तमानपत्रं दरवर्षी छापतात. परंपरा म्हणून तिचा मान तिला आहे. पण तिच्यावर पीक कर्ज किंवा पाण्याची पाळी ठरवता येत नाही, कारण ती चुकली तर का चुकली हे तपासायची सोय नाही. पर्जन्यमापक चुकला तर कळतं. भिंतीच्या फार जवळ बसवला होता, कोणी त्यात पान टाकलं, सकाळी साडेआठला घ्यायची नोंद दुपारी घेतली. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर तो असावा, हा साधा नियम. शाळेच्या आवारात हौसेनं बसवलेली कित्येक यंत्रं या एका नियमात बाद होतात. वर कडुलिंब आणि खाली पर्जन्यमापक!

नजर आणि पैसेवारी

महाराष्ट्रात स्थानिक मोजमापाची जुनी, सरकारी आणि जिवंत परंपरा कोणती, असं विचारलं तर उत्तर आहे पैसेवारी. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. गावातल्या निवडक शेतांत दहा मीटर बाय दहा मीटरचे तुकडे आखायचे, त्यातलं पीक कापून, झोडून, तोलायचं, आणि प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहायचं. रुपयात किती पैसे पीक आलं? पन्नासच्या वर असेल तर बरं, खाली असेल तर टंचाई. समितीत मंडळ अधिकारी, तलाठी, सरपंच, सोसायटीचा अध्यक्ष, गावचे शेतकरी असे सगळे. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम पैसेवारी.

कल्पना म्हणून हिला तोड नाही. गावच्या शेतात, गावच्या माणसांसमोर, डोळ्यांना दिसेल असं मोजमाप. आणि आकड्याला निर्णयही बांधलेला आहे. पन्नास पैशांच्या खाली गेलं की शेतसाऱ्यात सूट, वीजबिलात सवलत, कर्जाचं पुनर्गठन, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ. मग बिघडतं कुठे?

बिघडतं ते इथेच. हिवरे बाजारच्या आकड्यातून गाव स्वतःवर बंधन घालून घेतं. पैसेवारीच्या आकड्यातून गावाला बाहेरून काहीतरी मिळतं. पहिल्यात आकडा फुगवला तर मार्चमध्ये विहीर कोरडी पडून शिक्षा आपल्यालाच होते. दुसऱ्यात आकडा खाली ओढला तर फायदा आपला आणि खर्च सरकारचा. मग ५१ आणि ४९ मधल्या दोन पैशांवर मोर्चे निघतात, तलाठ्यावर दोन्हीकडून दाब येतो, आणि वरून फोन आला की अख्ख्या तालुक्याची पैसेवारी एका रात्रीत सुधारते, असा लोकांचा समज पक्का होतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये एक निरीक्षण मांडलं. एखादा आकडा नियंत्रणासाठी वापरायला घेतला, की त्याचं आधीचं वर्तन मोडतं. तो बँकांबद्दल बोलत होता. आपल्याला ते कळायला बँकेपर्यंत जायला नको, हागणदारीमुक्त गावांच्या पाट्या पुरेशा आहेत.

यावर उपाय म्हणून केंद्र सरकारनं २०१६ मध्ये दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आणली. पावसातला खंड, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवळ, जमिनीतला ओलावा, भूजल पातळी अशा शास्त्रीय निकषांवर दुष्काळ ठरवायचा, आणि शेवटी निवडक गावांत जाऊन प्रत्यक्ष खात्री करायची. महाराष्ट्रानं ती स्वीकारली आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आकडा आता तलाठ्याच्या हातचा राहिला नाही, हे चांगलं. पण तो गावाच्या हातचाही राहिला नाही. उपग्रहाला उसाचं हिरवंही हिरवं आणि वेड्या बाभळीचंही हिरवंच. शिवाय तालुका हे एकक मोठं आहे. एका टोकाला पाऊस झोडपतो आणि दुसऱ्या टोकाला ढेकूळ विरघळत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे नंतर वगळलेल्या तालुक्यांतली बरीच महसूल मंडळं वेगळी निवडून टंचाईच्या सवलती द्याव्या लागल्या. आता मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. त्यांनी फरक पडला आहे. तरी त्यांचा आकडा आधी पीकविम्याच्या कचेरीत जातो, गावच्या फळ्यावर क्वचितच येतो.

सरासरीचं राजकारण

गावाकडून प्रदेशाकडे गेलो, की आकड्यांना वेगळाच रंग चढतो. १९८३ मध्ये राज्य सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली. १९८४ च्या अहवालात समितीनं रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे मोजलं, आणि तेवढी उणीव भरून काढायला किती रुपये लागतील ते काढलं. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा १,२४६ कोटी, मराठवाड्याचा ७५० कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९ कोटी. हे काम मोठ्या हिमतीचं होतं. अन्यायाची भावना तोवर भाषणांत होती, दांडेकरांनी तिला तक्ता दिला. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, १९९५ मध्ये चक्क निर्देशांक आणि अनुशेष समिती या नावाचीच समिती नेमली गेली, आणि अनुशेषाचा आकडा चौदा हजार कोटींवर गेला.

अडचण आकड्यात नव्हती, त्याचं रुपयांत रूपांतर झालं त्यात होती. रुपये खर्च झाले की अनुशेष संपला, असं कागदावर दाखवता येतं. म्हणून विदर्भात एक शब्दजोडी रुळली: आर्थिक अनुशेष आणि भौतिक अनुशेष. पहिला भरला, दुसरा शिल्लक. पैसे गेले, कालव्यात पाणी नाही. पुढे विजय केळकर समितीनं २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुक्याच्या पातळीवर उतरून पाहण्याचा आग्रह धरला. तो योग्यच होता. अहिल्यानगर जिल्ह्याची सरासरी काढा. तीत राहात्याचे उसाचे मळे आणि जामखेडची माळरानं एकत्र मिसळतात. ती सरासरी ना राहात्याची, ना जामखेडची.

भौतिक अनुशेष किती खोल असू शकतो, हे २०१२ मध्ये एका साध्या तक्त्यानं दाखवलं. राज्याच्या आर्थिक पाहणीत पिकाखालच्या क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचं प्रमाण २०००-०१ मध्ये १७.८ टक्के होतं आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के. दहा वर्षांत ०.१ टक्का. या काळात सिंचनावर हजारो कोटी खर्च झाले होते. त्या दशांश चिन्हानं राज्याचं राजकारण हादरलं. जलसंपदा विभागानं श्वेतपत्रिका काढून वेगळं, जास्त वाढीचं चित्र मांडलं, कारण त्यांची मोजण्याची रीत वेगळी होती. दोन खाती, एकच रान आणि दोन आकडे. आणि पुढे काय झालं? त्यानंतर बरीच वर्षं आर्थिक पाहणीच्या त्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असं छापून येत राहिलं. आकडा खोटा ठरवण्यापेक्षा तो छापायचाच थांबवणं सोपं. मला विचाराल तर निर्देशकाच्या ताकदीचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

पंधरा ऑक्टोबर

प्रदेशाच्या पातळीवरही आकड्याला निर्णय बांधता येतो, याचं एक उदाहरण गोदावरीच्या खोऱ्यात आहे. वर नाशिक-नगरची धरणं: गंगापूर, दारणा, पालखेड, भंडारदरा, निळवंडे, मुळा. खाली पैठणचं जायकवाडी, मराठवाड्याचा आधार. वरची धरणं भरतात, खालचं रिकामं राहतं, आणि दर दुष्काळात दोन्ही बाजूंची वाक्यं ठरलेली असतात. आमच्या हक्काचं पाणी. आमच्या तोंडचं पाणी.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात खोऱ्यातल्या टंचाईची झळ सर्वांनी समान सोसावी असं तत्त्व आहे. तत्त्वानं दरवाजे उघडत नाहीत. मेंढेगिरी समितीनं २०१३ मध्ये त्याला आकडा दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरून पाणी सोडायचं. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी, त्यामुळे हा उंबरठा जवळपास पन्नास टीएमसीचा. २०१४ मध्ये प्राधिकरणानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०१५, २०१८, २०२३ या वर्षांत पाणी सुटलं. विरोध झाला, न्यायालयात खेटे झाले, बंदोबस्त लावावा लागला, वाटेत बंधाऱ्यांत पाणी अडलं, मुरलं, उपसलं गेलं. तरीही सुटलं. धरणातली पातळी मोजपट्टीवर दोन्ही बाजूंना दिसते, तारीख आधी ठरलेली आहे, आणि आकडा आला तर काय करायचं हेही आधी ठरलेलं आहे. ६५ टक्के हा उंबरठा खाली आणावा का, यावर आता भांडण आहे. ते रास्तही असू शकेल. पण भांडण आकड्यावर आलं, ही मोठी मजल आहे. आधी ते ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ यांच्यात होतं.

यात एक मोठी त्रुटी उरतेच. साठा मोजला जातो, त्या साठ्यावर वर आणि खाली किती ऊस उभा आहे हे मोजून त्याला कोणी निर्णय बांधत नाही. सोडलेलं पाणी मराठवाड्यातल्या तहानलेल्या गावाकडे जातं की तिथल्या कारखान्याकडे, हा प्रश्न नगरचा शेतकरी विचारतो, आणि तो गैर नाही. हिवरे बाजारच्या फळ्यावर पावसाखाली पिकाचा रकाना असतो. गोदावरीच्या फळ्यावर तो अजून नाही.

२००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम ते करू पाहतो. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई, पाणलोटनिहाय वापराची आखणी, पिकांची आखणी, सगळं त्यात आहे. पण साठ मीटरवर बोअर थांबली का, हे रात्री दोन वाजता चालणाऱ्या गाडीजवळ उभं राहून कोणी पाहायचं? तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत या शतकाच्या पहिल्या दशकात वेगळा मार्ग धरला गेला. शेतकऱ्यांनीच पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायची, रब्बीच्या आधी एकत्र बसून पाण्याचा अंदाज मांडायचा, आणि मग घरी जाऊन ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं. बंदी नाही, दंड नाही. अनेक गावांत भाताखालचं क्षेत्र घटलं, कारण मार्चमध्ये पाणी पुरणार नाही हे शेतकऱ्यानं स्वतः टेप टाकून पाहिलेलं होतं. पुढे प्रकल्पाचा निधी संपला तशी मोजणी बऱ्याच ठिकाणी थंडावली. म्हणजे बंदी नसली तरी चालतं, मोजणारा माणूस नसला की चालत नाही. अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातल्या गावांनी पाण्याचे ताळेबंद केले, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते रंगवलेही गेले. पण रंगवलेला आकडा दरवर्षी पुसून नवा लिहावा लागतो. ज्या भिंतीवर तीन वर्षांपूर्वीचं साल दिसतं, तिथलं पाणी आज कुठे आहे हे विचारायला नको.

किती कोयते गेले?

पाण्याची गोष्ट एवढी लांबली, कारण तिथे मोजमाप सोपं आहे. माणसांचं तितकं सोपं नाही. तरी बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात एक आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो: यंदा किती कोयते गेले. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा. मुकादम पावसाळ्यातच उचल वाटतो, दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात, आणि माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उतरतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गावात म्हातारी माणसं उरतात आणि जमलं तर शाळकरी पोरं.

या एका आकड्यात बरंच काही आहे. रब्बी होणार की नाही, घरावर कर्ज किती, मुलीचं लग्न झालं का, शाळेचा पट किती गळणार. खरीप बुडालं की कोयते वाढतात, आणि हे पैसेवारी जाहीर व्हायच्या आधी कळतं. हंगामी वसतिगृह किती मुलांसाठी उघडायचं हे या आकड्यावरून सप्टेंबरातच ठरवता येईल. प्रत्यक्षात कित्येकदा वसतिगृह सुरू होतं तेव्हा पोरं आई-बापाबरोबर फडात पोचलेली असतात. अलीकडे ग्रामसेवकामार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी होते, ओळखपत्रं दिली जातात. म्हणजे मुकादमाच्या वहीत असलेला आकडा पहिल्यांदा ग्रामपंचायतीच्या कपाटात आला आहे.

पण तो वाचताना सावध राहायला हवं. समजा एका गावातून जाणारे कोयते पाच वर्षांत निम्मे झाले. पाणलोटाचं काम झालं, विहिरींना पाणी आलं, माणसं घरच्या रब्बीवर थांबली, असा त्याचा अर्थ निघू शकतो. दुसरा अर्थही निघतो. कारखान्यांनी ऊसतोडणी यंत्रं आणली, मुकादमानं उचल दिली नाही, आणि माणसं घरी बसून आहेत किंवा पुण्याच्या बांधकामावर गेली आहेत, जिथे त्यांना कोणी कोयत्यात मोजत नाही. आकडा दोन्हीकडे तोच. म्हणून त्या नोंदवहीत शेजारी आणखी एक रकाना लागेल: जे गेले नाहीत, त्यांनी हंगामभर काय केलं. तो कचेरीत बसून भरता येत नाही. दिवाळीनंतर, गाड्या निघून गेल्यावर, वस्तीवर जाऊन कोणत्या घराला कुलूप आहे आणि कोणत्या घरात चूल पेटते ते पाहावं लागतं, आणि चूल पेटत असेल तिथे बसून विचारावं लागतं.